तुकडा पोहोचतो, दुरुस्ती पोहोचत नाही

भारतीय रोखे व विनिमय मंडळाने, म्हणजेच 'सेबी'ने, ऑगस्ट २०२४ मध्ये सायबर सुरक्षेचा जो आराखडा जाहीर केला, त्यात शेअर दलाल, म्युच्युअल फंड, डिपॉझिटरी आदी संस्थांकडे एक नवी मागणी करण्यात आली. आपल्या महत्त्वाच्या यंत्रणांमधील सॉफ्टवेअर कोणकोणत्या घटकांपासून बनले आहे, याची यादी या संस्थांनी बाळगावी, ही ती मागणी. पाठोपाठ ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेने अशा घटकयादीसाठी तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची विस्तारित आवृत्तीही काढली. फरसाणाच्या पाकिटामागे बेसन, शेंगदाणे, पामतेल, मीठ असे बारीक अक्षरांत छापलेले असते, त्यातलाच हा प्रकार. उद्या एखाद्या घटकात खोट निघाली, तर तो घटक आपल्या पाकिटात आहे की नाही हे शोधायला महिना लागू नये, तासाभरात कळावे, असा त्यामागचा हेतू आहे.

हेतू रास्तच आहे. मात्र पाकिटावर जसे 'मसाला' या एका शब्दाखाली बरेच काही झाकले जाते, तसे येथेही होते. नावाने ओळखली जाणारी मोठी घटक-सॉफ्टवेअरे यादीत येतात. कुठून तरी उचलून चिकटवलेला पाच-दहा-वीस ओळींचा कोडचा तुकडा सहसा येत नाही. आणि बँकेच्या अ‍ॅपपासून घरगुती पाण्याच्या पंपापर्यंत आज ज्या असंख्य गोष्टी सॉफ्टवेअरवर चालतात, त्यांच्या पोटात असे तुकडे ठायीठायी आहेत.

हे तुकडे म्हणजे नेमके काय, हे एका साध्या उदाहरणावरून समजावे. परदेशी बनावटीची अनेक साधने मोठ्या संख्येत दर तीन अंकांनंतर स्वल्पविराम देतात. भारतीय ग्राहकाला मात्र रक्कम लाख-कोटींच्या हिशेबाने वाचायची असते. अशा वेळी आपल्याकडील प्रोग्रॅमर स्वतः डोके चालवत बसण्याऐवजी आधी कोणी हे करून ठेवले आहे का, ते पाहतो. कोणी ना कोणी ते केलेलेच असते. आठ-दहा ओळी उचलायच्या, आपल्या कोडमध्ये चिकटवायच्या, एक-दोन रकमा घालून पाहायच्या आणि पुढच्या कामाला लागायचे. तारीख हव्या त्या रूपात दाखवणे, मोबाइल क्रमांक बरोबर आहे की नाही ते तपासणे, फाइल सर्व्हरवर चढवणे, विसरलेला पासवर्ड बदलण्याची सोय करणे, अशा शेकडो कामांसाठी हीच रीत आहे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. उलट एकाने सोडवलेले कोडे दुसऱ्याने पुन्हा सोडवत बसू नये, या उदार परंपरेवरच हा व्यवसाय उभा राहिला. जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो' या संकेतस्थळाने या परंपरेला जगभराची वेस दिली. प्रश्न कोणीही विचारावा, उत्तर कोणीही द्यावे आणि चांगल्या उत्तराला इतरांनी मत देऊन वर चढवावे, अशी ती व्यवस्था.

अडचण उसनवारीची नाही. तुकडा उचलला की त्याचा मूळ पत्ता गळून पडतो, ही आहे. पुढे मूळ ठिकाणी चूक सापडली, ती दुरुस्तही झाली, तरी ज्यांनी आधीच तुकडा उचलून नेला त्यांना ते कळवणार कोण?

याचे सर्वांत बोलके उदाहरण आंद्रेआस लुंडब्लाड या प्रोग्रॅमरचे आहे. फाइलचा आकार बाइटमध्ये दिला असता तो माणसाला वाचता येईल अशा रूपात, म्हणजे 'एवढे किलोबाइट' किंवा 'एवढे मेगाबाइट' असा, कसा दाखवावा या प्रश्नाला त्याने २०१० मध्ये जावा भाषेत एक छोटेखानी, दिसायला देखणे उत्तर लिहिले. फेऱ्या मारत भागाकार करण्याऐवजी त्याने लॉगॅरिदम वापरला होता. उत्तर लोकांना आवडले, मते पडली, विषय संपला. पुढे २०१८ मध्ये सेबास्टियन बाल्टेस आणि स्टेफान डील या जर्मन संशोधकांनी स्टॅक ओव्हरफ्लोवरचे तुकडे 'गिटहब' या कोड-भांडारात कुठे कुठे पोहोचले आहेत, याचा माग काढला. तेव्हा जावा भाषेत सर्वाधिक नकलला गेलेला तुकडा लुंडब्लाडचाच निघाला. तो हजारो प्रकल्पांत जाऊन बसला होता. हे कळल्यावर त्याने आपलेच उत्तर पुन्हा बारकाईने तपासले आणि त्यात चूक सापडली. ९,९९,९९९ बाइटची फाइल '१.० मेगाबाइट' दिसायला हवी. त्याचा कोड ती '१०००.० किलोबाइट' अशी दाखवीत होता. सीमेवरच्या आकड्याला पूर्णांकन कसे होते, याचा विचार राहून गेला होता. डिसेंबर २०१९ मध्ये त्याने ही गोष्ट जाहीरपणे लिहिली आणि मूळ उत्तर सुधारले. हजारो प्रकल्पांतल्या प्रती मात्र जिथल्या तिथे राहिल्या.

चूक किरकोळ होती, कोणाचे काही बिघडले नाही, हे खरे. पण याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष किरकोळ नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवरील मजकूर ज्या परवान्याखाली प्रसिद्ध होतो, त्यानुसार वापरणाऱ्याने मूळ लेखकाचा उल्लेख करणे आणि आपले कामही त्याच अटींवर खुले ठेवणे अपेक्षित आहे. असे तुकडे असलेल्या प्रकल्पांपैकी फार तर १.८ टक्के प्रकल्पांत या अटींशी सुसंगत वापर आढळला. पाहणीत सहभागी झालेल्या प्रोग्रॅमरांपैकी जवळपास निम्म्यांनी मूळ ठिकाणाचा उल्लेख न करता कोड नकलल्याची कबुलीही त्यात दिली आहे. परवान्याचा भंग हा वकिलांचा विषय म्हणून क्षणभर बाजूला ठेवला, तरी त्या उल्लेखाचा एक व्यावहारिक उपयोग असतो. दुरुस्ती शोधत परत जाण्याची ती एकमेव वाट असते.

फळ्यावरून वहीत, वहीतून यंत्रात

अर्थात ही रीत इंटरनेटने जन्माला घातलेली नाही. छापील पुस्तकांच्या काळातही तुकडे असेच फिरत. जोश ब्लॉक या ख्यातनाम अभियंत्याने जून २००६ मध्ये एक छोटे टिपण लिहून प्रोग्रॅमरांच्या जगाला धक्का दिला होता. क्रमाने लावलेल्या यादीत हवी ती नोंद शोधण्याची 'बायनरी सर्च' ही पद्धत प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधले पान उघडतो, शब्द त्याच्या मागे की पुढे ते पाहतो आणि निम्मा भाग सोडून देतो, तशीच ही पद्धत. मधले पान काढण्यासाठी खालची सीमा आणि वरची सीमा यांची बेरीज करून निम्मी करायची. जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या १९८६ च्या गाजलेल्या पुस्तकात ही रीत बिनचूक असल्याचे सिद्ध करून दाखवले होते. तीच रीत स्वतः ब्लॉक यांनी जावाच्या अधिकृत लायब्ररीत वापरली. आणि ती सुमारे ९ वर्षे चुकीची होती.

चूक बेरजेत होती. पूर्णांक ठेवण्यासाठी जी ३२ बिटांची जागा दिली जाते, तिच्यात सुमारे २१४ कोटी ७४ लाखांपेक्षा मोठी संख्या मावत नाही. दोन सीमांची बेरीज त्यापुढे गेली की आकडा उलटून ऋण होतो. यादीत १०७ कोटींहून अधिक नोंदी असतील तरच हे घडते, आणि १९८६ मध्ये एवढी मोठी यादी पोटात घेणारे संगणक कुणाच्या टेबलावर नव्हते. पुढे आले. उपाय सोपा होता: बेरीज करण्याऐवजी आधी वजाबाकी करून अंतर काढावे, ते निम्मे करावे आणि खालच्या सीमेत मिळवावे. जावात दुरुस्ती झाली. पण जुन्या पुस्तकांतून, वर्गातल्या टिपणांतून आणि तोंडी परीक्षांतून जुनीच ओळ पुढे सरकत राहिली.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेल्यांना हे सांगायला नको. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी'ने सी भाषा घरोघर नेली, त्या पिढीने प्रोग्रॅमिंगचा श्रीगणेशा केला तो बहुतेक टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. बोरलँड कंपनीचे ते साधन १९८०-९० च्या दशकांतले; जगाने ते केव्हाच अडगळीत टाकले, तरी आपल्या प्रयोगशाळांत ते पुढे कितीतरी वर्षे ठाण मांडून बसले. सी भाषेचे प्रमाणीकरण १९८९ मध्ये झाले. मुख्य फंक्शनने पूर्णांक परत द्यावा, असे त्यात ठरले. आपल्याकडच्या जर्नलांत मात्र 'व्हॉइड मेन' वर्षानुवर्षे उतरवले गेले. पडदा पुसण्याची 'सीएलआरएससीआर' ही आज्ञा टर्बो सीबाहेर चालत नाही, हे अनेकांना पहिल्या नोकरीत कळले.

जर्नलातला फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम पाहण्यासारखा आहे. ५ हा आकडा दिला की उत्तर १२० येते. ते वहीत उतरवायचे, सही घ्यायची. टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकाला दोन बाइटची जागा मिळते आणि तिची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. त्याच प्रोग्रॅमला ८ हा आकडा दिला, तर उत्तर ४०,३२० यायला हवे. पडद्यावर उणे २५,२१६ दिसते. ऋण फॅक्टोरियल! हा प्रयोग ज्याने एकदा स्वतः करून पाहिला, त्याला संगणकातील संख्येला काठ असतो हे आयुष्यभर विसरता येत नाही. पण वहीत ५ चे उत्तर आधीच छापल्यासारखे असल्याने ८ देऊन पाहण्याची गरज फारशी कोणाला पडली नाही.

तोच काठ हौशी कारागिरांनाही गाठतो. 'आर्दुइनो'सारख्या स्वस्त पाट्या आल्यापासून तंत्रनिकेतनातली मुले, निवृत्त अभियंते, गच्चीवर बाग फुलवणारे हौशी लोक स्वतःची यंत्रे जोडू लागले आहेत. कुंड्यांना दर ६ तासांनी पाणी देणारा पंप ही त्यातली नेहमीची हौस. पाटी चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, हे सांगणारी एक आज्ञा तीत असते. तयार तुकड्यांत पुष्कळदा असे लिहिलेले असते की, आत्ताच्या वेळेत ६ तास मिळवून पुढची वेळ ठरवा आणि ती वेळ उलटून गेली की पंप सुरू करा. हे सुरेख चालते. परंतु मिलिसेकंदांचा तो गणक ४९.७ दिवसांनी भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. तो भरत आला असताना त्यात ६ तास मिळवले, की पुढची वेळ उलटून लहान आकडा होते. तुलना भलतीच पडते आणि पंप पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. घरचे लोक गावाला गेलेले असावेत आणि नेमके हे घडावे! येथेही औषध तेच, वजाबाकी. आत्ताच्या वेळेतून मागच्या वेळी पंप चालला ती वेळ वजा करावी आणि फरक ६ तासांएवढा झाला का ते पाहावे. अशी वजाबाकी गणक उलटल्यावरही बरोबर उत्तर देते. हे आर्दुइनोच्या जाणकारांनी अनेकदा लिहून ठेवले आहे. पण दोन दिवस चाचणी घेऊन समाधान पावलेल्या माणसाला ते वाचायचे कारणच पडत नाही, कारण त्याचा पंप चालत असतो.

पहारेकऱ्याला रजा

पंप भरकटला तर कुंड्या सडतील. सुरक्षेशी संबंधित तुकड्यांत प्रकरण याहून गंभीर होते. म्युनिकजवळच्या फ्राउनहोफर संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये गुगल प्लेवरील १३ लाख अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. त्यांपैकी १५.४ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख अ‍ॅपमध्ये, स्टॅक ओव्हरफ्लोवरून आलेले सुरक्षाविषयक तुकडे आढळले. या २ लाखांपैकी ९७.९ टक्के अ‍ॅपमध्ये किमान एक तुकडा असुरक्षित होता.

हे कसे होते? अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण कुलूपबंद असावे, आणि समोरचा सर्व्हर खराच आहे याची खात्री पटावी, म्हणून प्रमाणपत्र तपासले जाते. प्रोग्रॅमर आपल्या कार्यालयातील चाचणीच्या सर्व्हरवर काम करीत असतो. तेथे रीतसर प्रमाणपत्र नसते. अ‍ॅप तक्रार करते, काम अडते, संध्याकाळी दाखवायचे असते. शोध घेतला की सापडणाऱ्या उपायांत एक असा असतो, की कोणतेही प्रमाणपत्र आले तरी मान्य करा. तो चिकटवला की तक्रार बंद! दारावरचा पहारेकरी सारखा अडवतो म्हणून त्यालाच रजा देण्यासारखे हे आहे. चाचणीपुरता हा उपाय असल्याचे मूळ उत्तराखाली कोणीतरी बजावलेले असते. पण चिकटवताना कोड तेवढा येतो, बजावणी येत नाही. अ‍ॅप बाजारात जाते, आणि रेल्वे स्थानकावरच्या फुकट वायफायवर मधे बसलेल्या कोणालाही ग्राहकाचे संभाषण वाचण्याची वाट मोकळी होते. लिनक्सवर फाइल उघडत नसेल तर 'सात-सात-सात' परवानगी देऊन टाका, हा सर्वत्र आढळणारा सल्ला याच जातकुळीचा. फाइल उघडते, मात्र त्या यंत्रावरच्या प्रत्येकालाच ती वाचण्याची, बदलण्याची आणि चालवण्याची मुभा मिळते.

मोठ्या कंपन्यांत जाणकार असतात, तेथे असे होत नसेल, हा समजही फोल आहे. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टची 'अझूर' ही सेवा कित्येक तास विस्कळीत झाली. एका वर्षासाठी वैध प्रमाणपत्र बनवताना आजच्या तारखेतील वर्षात एक मिळवायचा, एवढाच हिशेब कोडमध्ये होता. लीप वर्षातल्या त्या दिवशी उत्तर आले २९ फेब्रुवारी २०१३. असा दिवस पंचांगात नाही. त्या ओळी कोणी उसन्या आणल्या होत्या असे नव्हे. पण 'वर्षात एक मिळवा' हा उपाय कोणत्याही भाषेच्या कोणत्याही धड्यात सहज सापडेल इतका सर्वमान्य आहे, आणि त्यामुळेच तो कोणाला खटकत नाही.

मग नकलू नये, तयार पॅकेज जोडावे, म्हणजे मूळ ठिकाणी दुरुस्ती झाली की ती आपोआप पोहोचेल, असे सुचवले जाते. यात तथ्य आहे. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग-फोर-जे' या जावा घटकात भीषण खोट सापडली, तेव्हा ज्यांच्याकडे घटकयादी होती त्यांनी नवी आवृत्ती बसवून लवकर सुटका करून घेतली. बाकीचे आठवडेच्या आठवडे शोधत बसले. सेबी आणि सर्ट-इनच्या आग्रहामागे हाच अनुभव आहे. परंतु या मार्गालाही काटे आहेत. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने 'एनपीएम' या भांडाराशी झालेल्या वादातून आपली २७३ पॅकेजे काढून घेतली. त्यांत मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरणारे 'लेफ्ट-पॅड' हे ११ ओळींचे पॅकेज होते. त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेले जगभरातील प्रकल्प काही तास बांधता येईनात. ११ ओळी नकलाव्यात की जोडाव्यात, याचे सरसकट उत्तर कोणापाशी नाही. मार्च २०२४ मध्ये उघड झालेल्या 'एक्सझेड' प्रकरणात तर विश्वास संपादन केलेल्या देखभालकर्त्यानेच नव्या आवृत्तीत चोरदार बसवले होते. लॉगइनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या एका अभियंत्याच्या चिकित्सेमुळे ते पकडले गेले. दुरुस्ती ज्या वाटेने येते, त्याच वाटेने दगाही येऊ शकतो.

उत्तर एकाला, चूकही एकाचीच

या जुन्या दुखण्याला गेल्या काही वर्षांत नवे वळण मिळाले आहे. गिटहबचे 'कोपायलट' २०२१ मध्ये चाचणीसाठी आणि २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' आले. आता तुकडा शोधावा लागत नाही. मागितला की समोर हजर होतो, तोही आपल्या कोडमधील नावांसह, बेतून शिवल्यासारखा. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या पाहणीत ८४ टक्के प्रोग्रॅमरांनी अशी साधने वापरत असल्याचे किंवा वापरण्याचा विचार असल्याचे सांगितले. त्याच पाहणीत या उत्तरांच्या अचूकतेवर भरवसा नाही म्हणणारे ४६ टक्के होते आणि भरवसा आहे म्हणणारे ३३ टक्के. भरवसा नाही, पण वापर आहे, ही अवस्था मोठी मासलेवाईक म्हटली पाहिजे.

या साधनांचे शिक्षण झाले ते याच सार्वजनिक कोडवर आणि याच प्रश्नोत्तरांवर. चांगल्याबरोबर वाईटही आलेच. न्यू यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये कोपायलटला सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक अशा ८९ प्रसंगांत कोड लिहायला लावला. तयार झालेल्या १,६८९ प्रोग्रॅमपैकी सुमारे ४० टक्के सदोष निघाले. साधने त्यानंतर बरीच सुधारली आहेत, त्यामुळे तो आकडा आज जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल. परंतु खरी हानी चुकांच्या टक्केवारीत शोधू नये. स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या उत्तराला तारीख होती, लेखकाचे नाव होते, आणि खाली 'हे नव्या आवृत्तीत चालत नाही', 'येथे शून्य दिले तर कोसळते' अशी कुरकुर करणारी माणसे होती. ती कुरकुर म्हणजेच दुरुस्तीचे सार्वजनिक दप्तर होते. लुंडब्लाडला आपली चूक जाहीर करता आली, कारण ती जाहीर करायला जागा होती. यंत्राने पुण्यातल्या एका प्रोग्रॅमरला दिलेले उत्तर फक्त त्यालाच दिसते. ते चुकले आणि त्याने ते सुधारून घेतले, तरी उद्या नाशिकच्या दुसऱ्या प्रोग्रॅमरला त्याचा पत्ता लागत नाही.

दप्तर मात्र ओस पडत चालले आहे. एकेकाळी स्टॅक ओव्हरफ्लोवर महिन्याला लाखाच्या वर नवे प्रश्न येत. २०२४ च्या अखेरीस ही संख्या जेमतेम चौथाईवर आली. मे २०२४ मध्ये त्या कंपनीने 'ओपनएआय'शी करार केला, तेव्हा काही सदस्यांनी निषेध म्हणून आपली जुनी उत्तरे पुसायला सुरुवात केली. कंपनीने ती परत आणली आणि काहींची खाती गोठवली. ज्यांनी वर्षानुवर्षे फुकट उत्तरे लिहिली त्यांना आपली मेहनत परस्पर विकली गेल्याची भावना झाली असेल, तर ती समजण्यासारखी आहे. कोपायलटविरुद्ध २०२२ मध्ये अमेरिकेत दाखल झालेल्या दाव्यातील अनेक मुद्दे २०२४ मध्ये न्यायालयाने फेटाळले. कायद्याचा निकाल काहीही लागो, उद्याच्या नव्या भाषेविषयी, नव्या आवृत्तीविषयी माणसांनी लिहिलेली उत्तरेच नसतील, तर ही यंत्रे शिकणार कशावरून, हा प्रश्न उरतोच.

यंत्रे न माहीत असलेल्या जागी गप्प बसत नाहीत, ही आणखी एक गोष्ट. अमेरिकेतील तीन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२४ मध्ये १६ भाषा-प्रारूपांकडून ५ लाख ७६ हजार कोड-नमुने लिहून घेतले. त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी १९.७ टक्के अस्तित्वातच नव्हती. आणि ही खोटी नावे वाऱ्यावरची नव्हती. त्यांतली ४३ टक्के तोच प्रश्न दहा वेळा विचारला असता दहाही वेळा परत आली. ज्याला लबाडी करायची आहे त्याने असे नाव हेरून त्या नावाचे पॅकेज स्वतःच भांडारात ठेवले की झाले. एका सुरक्षा संशोधकाने नेमका हाच प्रयोग केला. यंत्रांनी कल्पिलेल्या एका नावाने त्याने पायथॉनच्या भांडारात रिकामे, निरुपद्रवी पॅकेज ठेवले. तीन महिन्यांत ते ३० हजारांहून अधिक वेळा उतरवले गेले. एका बड्या कंपनीच्या मार्गदर्शक पानावरही 'आधी हे बसवा' म्हणून तेच नाव छापले गेले होते.

भारतासाठी हा विषय दूरचा नाही. गिटहबच्या २०२५ च्या अहवालानुसार एका वर्षात भारतातून ५० लाखांहून अधिक नवे प्रोग्रॅमर त्या भांडारात दाखल झाले. कोणत्याही देशापेक्षा ही भर मोठी आहे. हिंजवडी असो वा ऐरोली, येथे लिहिला जाणारा कोड बहुतांशी दुसऱ्याच्या मालकीचा असतो, परदेशी बँकेच्या, विमा कंपनीच्या, रुग्णालयाच्या यंत्रणेत जाऊन बसतो. कोड तपासणारा ज्येष्ठ अभियंता नव्या मुलाला पूर्वी निदान 'हे कुठून आणले?' असे विचारू शकत होता आणि दुवा उघडून खालची कुरकुर वाचू शकत होता. आता त्या प्रश्नाचे उत्तर 'यंत्राने दिले' एवढेच येते.

ग्राहक देशांचे कायदे मात्र कडक होत आहेत. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. त्यानुसार डिजिटल उत्पादनातील गैरफायदा घेतला जात असलेल्या त्रुटी कळवण्याचे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून, तर घटकयादीसह मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू करण्याचे ठरले. उत्पादन विकणाऱ्यावर जबाबदारी येईल, तेव्हा तो ती कराराच्या कलमांतून खाली, कोड लिहिणाऱ्या कंपनीवर ढकलणार हे उघड आहे. अशा वेळी 'ही वीस ओळींची फीत आमच्याकडे कशी आली ते ठाऊक नाही' हे उत्तर महाग पडू शकते.

घटकयादी लिहिण्याचा 'एसपीडीएक्स' हा एक आंतरराष्ट्रीय नमुना आहे. २०२१ मध्ये त्याला आयएसओ मानकाचा दर्जाही मिळाला. फाइलमधील कितवी ते कितवी ओळ बाहेरून आली, कुठून आली आणि कोणत्या परवान्याखाली आली, हे नोंदवण्याची सोय त्या नमुन्यात २०१६ पासून आहे. परंतु घटकयाद्या सहसा हाताने लिहिल्या जात नाहीत. पॅकेजांच्या नोंदी वाचून साधने त्या आपोआप बनवतात आणि चिकटवलेल्या ओळींची नोंद पॅकेजांच्या दप्तरात नसते. ओळखीचा कोड हुडकणारी काही साधने आहेत, पण नावे बदलून, बेतून शिवलेला तुकडा त्यांच्याही हातून निसटतो. तो रकाना भरू शकेल असा माणूस एकच: ज्याने तुकडा चिकटवला तो, आणि तोही त्याच दिवशी. काही चमूंनी त्यासाठी साधा नियम केला आहे. बाहेरून आलेल्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर मूळ पत्ता, तारीख आणि कोणते आकडे घालून तपासले ते, एवढे टिपणात लिहायचे. यंत्राकडून घेतला असेल तर साधनाचे नाव व आवृत्ती लिहायची. हे लिहायला अर्धा मिनिट लागतो. सेबीच्या आराखड्यात किंवा सर्ट-इनच्या तत्त्वांत मागितलेली यादी सॉफ्टवेअर पुरवठादाराकडून आलेली असते आणि ती घेणाऱ्या संस्थेला त्या टिपणांपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग नाही.